शिकतां शिकतां केलेल्या चाकऱ्या

धोंडो केशव कर्वे यांनीं आपल्या आयुष्याकडे दोनदां मागें वळून पाहिलें. पहिल्यानें मराठींत, सन १९१५ मध्यें, ‘आत्मवृत्त’ या नांवानें. दुसऱ्यानें इंग्रजींत, सन १९३६ मध्यें, ‘लुकिंग बॅक’ या नांवानें. दुसरें पुस्तक निघालें तेव्हां त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, हीं सारीं कामें तोंवर होऊन चुकलीं होतीं आणि त्यांचें नांव देशांतच काय पण देशाबाहेरहि पोंचलें होतें. तरीहि वाचकाच्या मनांत घर करून राहतो तो या थोर कामांचा वृत्तान्त नव्हे. राहतो तो मुरुडचा एक किरकोळ अंगाचा मुलगा, चाकरीच्या आशेनें सह्याद्रि चढून साताऱ्यास निघालेला.

ही गोष्ट सन १८७५ ची. त्या काळीं मराठी सहाव्या इयत्तेची परीक्षा उतरल्याखेरीज सरकारी चाकरीचें दार उघडत नसे. दाखला हातीं आला म्हणजे खेड्यांतील शाळामास्तराची किंवा कचेरींतील लहानशा कारकुनाची जागा मिळण्याची आशा करतां येई. परीक्षेला बसण्यास सतरा वर्षें पुरीं झालेलीं असलीं पाहिजेत, असा नियम होता. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. म्हणजे सतरा पुरीं होऊन अठरावें चालू होतें. मुंबईस जावें तर वाट समुद्राची, आणि पावसाळ्याच्या दिवसांत त्या वाटेचा भरंवसा नाहीं. तेव्हां मुरुडच्या कांहीं मुलांनीं पायींच साताऱ्यास जाण्याचें ठरविलें. कुंभार्ली घाट चढून पाटणावरून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैलांची ही वाट त्यांनीं चार दिवसांत तुडविली. पाऊस, चिखल, खांद्यावर आपलें गांठोडें, असा तो प्रवास होता.

साताऱ्यास पोंचल्यावर परीक्षकांच्या मंडळासमोर धोंडू उभा राहिला. अध्यक्षांनीं त्याच्याकडे नजर टाकली आणि, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, असें म्हणून त्याला परत पाठविलें. परीक्षा नाहीं, प्रश्न नाहीं, कांहीं नाहीं. पोटभर न मिळाल्यानें जो अंगानें वाढला नाहीं, त्याला तो वाढला नाहीं म्हणूनच चाकरीची परवानगी नाकारण्यांत आली! पुढील वर्षीं कोल्हापुरास जाऊन त्यानें ती परीक्षा दिली व तींत तो उतरला. पण साताऱ्याची ती घटका कर्वे जन्मभर विसरले नाहींत.

येथें मुरुडच्या त्या घराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. कर्व्यांचें घराणें पूर्वीं चांगलें नांदतें होतें. धोंडूच्या वेळेपर्यंत तें वैभव ओसरलें होतें आणि वडील केशवपंत दुसऱ्याच्या पदरीं कारभाराची चाकरी करून संसार चालवीत होते. एकदां गांवांत ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाणार होती. घरांत पैशाची चणचण, आणि दक्षिणेची रक्कम मुलांच्या डोळ्यांत भरण्यासारखी. पण आईनें मुलांना जाऊं दिलें नाहीं. फुकटचें घ्यावयाचें नाहीं, हा त्या माउलीचा बाणा होता. पुढें जन्मभर हातांत झोळी घेऊन लोकांच्या दारीं गेलेल्या या पुरुषाचें बालपण अशा घरांत गेलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्यानें मागितलें तें कधींहि स्वतःसाठीं मागितलें नाहीं.

मुरुडांत सोमण गुरुजी म्हणून एक शिक्षक होते. गांवच्या लोकांना देवळांत वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम त्यांच्या प्रेरणेनें धोंडूकडे आलें. या कामाला वेतन नव्हतें. पण लिहिणें-वाचणें ही एक चाकरी आहे आणि ती ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांची आहे, ही समजूत त्याला तेथें झाली असावी.

त्या काळीं वाढत्या वयाच्या मुलाच्या हाताशीं येणारीं कामें मोजकींच होतीं. ज्याचें अक्षर वळणदार, त्याला नकला करण्याचें काम मिळे. सरकारी व सावकारी दप्तर मोडी लिपींत चाले. बोरू, दौत आणि ओल्या शाईवर टाकावयाची वाळू एवढें सामान जवळ असलें कीं झालें. जो कचेरीच्या पायरीपर्यंत पोंचे, तो ‘उमेदवार’ म्हणून बसे. उमेदवारी हा शब्द आज निवडणुकींत ऐकूं येतो. तेव्हां त्याचा अर्थ निराळा होता. उमेदवारानें सकाळीं कचेरींत यावयाचें, बारनिशींत कागद नोंदवावयाचे, पडेल तो मजकूर उतरून काढावयाचा, वरिष्ठ कारकुनांचीं बोलणीं ऐकून घ्यावयाचीं आणि घरीं रिकाम्या हातानें परतावयाचें. जागा रिकामी झाली व साहेबाची मर्जी असली, तर आज ना उद्यां वर्णी लागणार. या आशेवर वर्षेंच्या वर्षें घालविलेलीं मुलें गांवोगांव होतीं.

गोपाळ गणेश आगरकर यांनीं ही वाट चोखाळून पाहिली होती. १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडाजवळच्या टेंभू गांवीं जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठीं कऱ्हाडास आजोळीं राहिला. पुढील शिक्षणास पैसा नाहीं, म्हणून कचेरींत कारकुनी केली. ती सुटली तेव्हां दवाखान्यांत कंपाउंडर होऊन औषधें कालविलीं. त्या दोन्ही कामांत त्याचें मन रमलें नाहीं. इंग्रजी शिकण्याच्या ओढीनें तो रत्नागिरीस पायीं गेला. तेथें निभाव लागेना, तेव्हां परत फिरला. अखेर वऱ्हाडांत अकोल्यास नातलगांच्या आश्रयानें त्याचें शिक्षण झालें आणि सन १८७५ मध्यें, म्हणजे धोंडू कर्वे साताऱ्याहून विन्मुख परतला त्याच वर्षीं, तो मॅट्रिक झाला. अकोल्याच्या शाळेंत विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुरु त्याला लाभला. पुढें पुण्यास डेक्कन कॉलेजांत असतांना अंगांत एकच सदरा. तो रात्रीं धुवावयाचा, वाळत टाकावयाचा आणि सकाळीं तोच घालून वर्गांत जावयाचें. एवढें सोसून एम्. ए. झाल्यावर त्यांनीं आईला जें पत्र लिहिलें तें प्रसिद्धच आहे. मुलगा मोठा झाला, आतां मोठ्या पगाराची जागा मिळवील आणि आपले पांग फेडील, ही आशा तिनें सोडावी, आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकांसाठीं झटणार आहों, असा त्याचा आशय होता.

या पत्राची थोरवी सर्वांनीं गाइली आहे व ती गाण्याजोगी आहेच. परंतु तें पत्र जिच्या हातीं पडलें, तिला तें कोणी वाचून दाखविलें असेल आणि तें ऐकून ती चुलीपाशीं किती वेळ बसून राहिली असेल, याचा विचार व्याख्यानांतून सहसा होत नाहीं. मुलानें आपला त्याग स्वतः ठरविला होता. आईला तो कळविण्यांत आला.

पैसे न मिळणारें आणखी एक काम त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या वांट्यास येत असे, तें म्हणजे वाराचें. परगांवीं शिकावयास आलेल्या ब्राह्मण मुलानें सात घरीं सात वार लावावयाचे. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे जेवावयाचें. एखादा वार लागला नाहीं तर त्या दिवशीं चणेमुरमुरे किंवा पाणी. ज्यांना तेंहि साधत नसे ते सोवळें नेसून, झोळी घेऊन माधुकरी मागत. ‘वारानें जेवणें’ म्हणजे आयतें जेवणें, अशी पुढच्या पिढीची कल्पना झाली. पण बहुतेक घरीं त्या जेवणाची फेड आधींच करून घेतली जाई. विहिरीचें पाणी भरावें, पूजेचीं फुलें आणावींत, घरच्या लहानग्यांना शाळेंत पोंचवावें व त्यांच्याकडून उजळणी म्हणवून घ्यावी, बाजारांतून भाजी आणून हिशेब द्यावा, आणि मग सर्वांच्या शेवटीं पंक्तीच्या टोंकास बसावें. कांहीं घरीं मायेनें वाढीत, कांहीं घरीं आमटींत पाणी वाढे. हीं कामें चाकरी म्हणून कोणी मोजलीं नाहींत. खाणाऱ्यानेंहि नाहींत आणि वाढणाऱ्यानेंहि नाहींत.

गोपाळ कृष्ण गोखले यांची हकीकत याहून निराळी. कारण तिच्यांत हिशेब अगदीं स्वच्छ मांडलेला आहे. त्यांचे वडील कृष्णराव सन १८७९ मध्यें कागल येथें वारले. तेव्हां गोपाळ तेरा वर्षांचा व थोरला भाऊ गोविंदराव अठरा वर्षांचा होता. घरांत आई आणि चार बहिणी. गोविंदराव शिकत होते. त्यांनीं शाळा सोडली आणि दरमहा पंधरा रुपयांची चाकरी धरली. आपणहि शिक्षण सोडून कांहीं मिळवावें, असें गोपाळाच्या मनांत आलें. पण थोरल्या भावानें तें चालूं दिलें नाहीं. त्यानें पंधरांतून आठ रुपये दरमहा गोपाळाला कोल्हापुरास शिकण्यासाठीं पाठवावयाचें ठरविलें.

शाळेच्या फळ्यावर हें उदाहरण घातलें तर दुसरींतील मुलगाहि तें तोंडीं सोडवील. पंधरांतून आठ गेले, राहिले सात. सात रुपयांत आई, बहिणी आणि स्वतःचा संसार. शिकणाऱ्या एकट्याला आठ आणि मागें राहिलेल्या साऱ्यांना मिळून सात, असा हा वांटा होता. गोपाळानें ते आठ रुपये कसे वापरले, याच्या गोष्टी चरित्रकारांनीं आवडीनें सांगितल्या आहेत. तो आपलें अन्न आपण शिजवून खाई. एकदां एका सोबत्यानें आग्रह करून त्याला नाटकास नेलें आणि दुसऱ्या दिवशीं तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळाची समजूत, आपण त्याचे पाहुणे आहों. त्यानें कांहींएक न बोलतां पैसे देऊन टाकले. त्या महिन्यांत दिव्याच्या तेलाला पैसे उरले नाहींत, तेव्हां रस्त्यावरच्या कंदिलाखालीं बसून अभ्यास केला. ही गोष्ट शाळांतून सांगतांना रस्त्यावरच्या कंदिलावर भर देण्याची चाल पडली आहे. खरें पाहतां भर द्यावयाचा तो त्या दोन आण्यांवर. ते दोन आणे कोणाच्या तोंडचे होते, हें त्या पोराला पुरतें ठाऊक होतें.

मॅट्रिकनंतर कॉलेजाचा खर्च आला, तेव्हां गोविंदरावांच्या पत्नीनें आपल्या अंगावरचे दागिने विकावयास काढून दिले. गोपाळराव सन १८८४ मध्यें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले, शेवटीं शेवटीं वीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली आणि भावाचा भार हलका झाला. पुढें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें पस्तीस रुपयांवर ते शिक्षक झाले. त्यांनीं लिहिलेलें अंकगणिताचें पुस्तक कित्येक वर्षें हिंदुस्थानभर शाळांतून चाललें, हें पुष्कळांस आठवत नसेल. वजाबाकीचा धडा ज्यानें घरांतच घेतला होता त्यानें अंकगणित लिहावें, हें साजेसेंच झालें. गोविंदरावांनीं मात्र कोणतेंहि पुस्तक लिहिलें नाहीं.

मौजेची गोष्ट अशी कीं, गोखले आणि कर्वे एकाच वर्षीं, सन १८८१ मध्यें, मॅट्रिक झाले. एकाच कॉलेजांत शिकले आणि एकाच वर्षीं बी. ए. झाले. गोखल्यांचें वय पदवीच्या वेळीं अठरा, कर्व्यांचें सव्वीस. दोघांच्या वयांतील आठ वर्षांचें हें अंतर म्हणजे कर्व्यांच्या गरिबीची लांबी होय. इंग्रजी शिक्षणास रत्नागिरीस गेले, प्रकृति ढासळली म्हणून परत आले. पुन्हा उशीरां मुंबईस रॉबर्ट मनी शाळेंत दाखल झाले. बरोबरचीं मुलें मिसरूडहि न फुटलेलीं, आणि हे लग्न झालेले गृहस्थ. मुंबईंत ते शिकवण्या करीत. सकाळसंध्याकाळ दुसऱ्यांच्या मुलांना शिकवावें आणि मधल्या वेळांत आपण शिकावें, असा क्रम होता. शिकवणीच्या त्या तुटपुंज्या पैशांतून रुपयामागें एक पैसा धर्मकार्यासाठीं बाजूला काढण्याचा नेम त्यांनीं तेव्हांच धरला. त्या काळीं रुपयाचे पैसे चौसष्ट होत, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. रक्कम लहान, परंतु मिळकत सुरू होतांच तिच्यांत दुसऱ्याचा वांटा आहे, हें त्यांनीं पदवी मिळण्याच्याहि आधीं मान्य केलें होतें. पदवीनंतर मुंबईंत निरनिराळ्या शाळांतून, पहाटेपासून या टोंकाकडून त्या टोंकाकडे पायपीट करीत, त्यांनीं अध्यापन केलें. तें चालू असतांनाच सन १८९१ मध्यें त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. नवरा शिकत होता तीं बहुतेक वर्षें तिनें मुरुडास काढलीं होतीं.

त्याच वर्षीं गोखल्यांनीं आपल्या या वर्गबंधूला पुण्यास बोलाविलें. टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळें फर्ग्युसन कॉलेजांत गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी होती. नोव्हेंबर १८९१ मध्यें कर्वे तेथें रुजू झाले. पुढल्या वर्षीं आगरकर प्राचार्य झाले. असे हे तिघे, दवाखान्यांत औषधें कालविलेला, भावाच्या आठ रुपयांवर शिकलेला आणि साताऱ्याहून विन्मुख फिरलेला, तीन-चार वर्षें एकाच कॉलेजांत अध्यापक होते. तेथील आजीव सभासदाचें वेतन दरमहा पंचाहत्तर रुपये होतें. मनांत आणतें तर तिघांनाहि बाहेर याच्या कितीतरी पट मिळालें असतें. १७ जून १८९५ रोजीं आगरकर वारले, तेव्हां त्यांना एकुणचाळिसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें.

‘गरिबीनें माणूस घडतो’ असें म्हणण्याची पद्धत आहे आणि असल्या चरित्रांचा दाखला त्यासाठीं हटकून दिला जातो. त्या म्हणण्यांत एक गफलत आहे. घडले त्यांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं. उमेदवारींत ज्यांचे केस पिकले, वाराच्या घरचें पाणी भरतां भरतां ज्यांची शाळा सुटली, त्यांचीं लिहिलीं गेलीं नाहींत. शिवाय जे दार ठोठावूं शकत होते त्यांच्याविषयींच हें सारें बोलणें चाललें आहे. वार आणि माधुकरी ब्राह्मणाच्या मुलाला मिळे. कुणब्याच्या, माळ्याच्या मुलाला ती सोय नव्हती, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर शाळेच्या ओटीवरहि बसूं देत नसत.

जोतीराव फुले यांचें बालपण या दृष्टीनें पाहावें. सन १८२७ चा जन्म. मराठी शाळेंत घातलेला हा मुलगा वडील गोविंदरावांनीं लोकांच्या सांगण्यावरून शाळेंतून काढला आणि मळ्यांत कामाला लाविला. पाटाचें पाणी वळविणें, खुरपणी, फुलें-भाजी बाजारीं नेणें, हीच त्याची वाढत्या वयाची चाकरी. ती शिक्षणासाठीं केलेली नव्हती. शिक्षणाच्या ऐवजीं केलेली होती. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनीं गोविंदरावांचें मन वळविलें, तेव्हां सन १८४१ मध्यें तो पुन्हा शाळेंत, स्कॉटिश मिशनच्या शाळेंत, गेला. दोन परक्या माणसांनीं शब्द टाकला नसता तर तो मळ्यांतच राहता. सन १८४८ मध्यें पुण्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या या गृहस्थाला शाळा सुटणें म्हणजे काय, हें दुसऱ्या कोणीं सांगावयास नको होतें.

आणि मुलींचें काय? मुलगी आठव्या वर्षीं चूल फुंकूं लागे, दळण दळी, धाकट्या भावंडांना कडेवर वागवी, सासरीं गेली म्हणजे गोठा आणि शेत सांभाळी. त्याला कोणी चाकरी म्हणत नसे; कारण चाकरीला वेतन असतें आणि चाकरी सोडतां येते. कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणींच विधवा झाली आणि सासरच्या घरकामांत तिचीं वर्षें गेलीं. भावानें तिला मुंबईस आणलें. सन १८८९ मध्यें पंडिता रमाबाईंनीं शारदासदन काढलें, तेव्हां तेथें दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजीं कर्व्यांशीं तिचा पुनर्विवाह झाला व ती आनंदीबाई झाली. लोक तिला बाया कर्वे म्हणत. तिनेंहि मागें वळून पाहिलें. ‘माझें पुराण’ हें तिचें आत्मकथन सन १९४४ मध्यें प्रसिद्ध झालें. नवऱ्याच्या ‘आत्मवृत्ता’शेजारीं तें ठेवून वाचलें म्हणजे एका संसाराचा हिशेब दोन्ही बाजूंनीं कळतो.

तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीहि विधवा. पदरीं एक मुलगा असतां, ज्या वयांत इतर बायका सुना आणण्याचा विचार करूं लागतात त्या वयाकडे झुकतांना, ती अक्षरें गिरवावयास बसली. पुढें आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत देशभर फिरली. आणि सन १९१८ मध्यें, इंग्रजी पुरतें येत नसतांना, एकटी अमेरिकेस गेली. तेथें परक्यांच्या घरीं स्वैंपाकपाण्याचीं, झाडलोटीचीं कामें करून तिनें पोट भरलें व भाषा शिकली. जन्मभर घरांत विनावेतन केलेलें तेंच काम सातासमुद्रांपलीकडे केल्यावर त्याचे डॉलर मिळाले! बालपणीं मिळावयाचें शिक्षण आणि बालपणीं मिळवावयाचा पैसा, हीं दोन्ही तिला वयाच्या पन्नाशीच्या सुमारास एकदमच भेटलीं. तिची ‘माझी कहाणी’ सन १९२८ मध्यें निघाली.

वाराचें अन्न आणि उपकाराचा भार यांतून शिकणाऱ्या मुलाला सोडविण्याचा विचार ज्यांनीं पद्धतशीर केला, त्यांत भाऊराव पाटील यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. त्यांनीं स्वतः साताऱ्यांत शिकवण्या केल्या होत्या. ‘पाटील मास्तर’ म्हणून लोक त्यांना ओळखत. पुढें कारखान्यांचा माल खपवीत ते गांवोगांव हिंडले. सन १९१९ मध्यें त्यांनीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि सन १९२४ मध्यें साताऱ्यांत सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह उघडलें. महार, मराठा, मुसलमान, जैन, सारे एका पंक्तीस. तेथील मुलें स्वतः स्वैंपाक करीत, दळण दळीत, शेतांत राबत, दगडमाती वाहत. ‘कमवा व शिका’ हें नांव पुढें सर्वतोमुखीं झालें. त्यांतील खरी गोष्ट ही कीं, मुलानें दुसऱ्याच्या घरचें पाणी भरावयाचें नव्हतें. आपल्याच वसतिगृहाचें भरावयाचें होतें. काम तेंच, परंतु जेवतांना मान खालीं घालण्याचें कारण उरलें नाहीं.

तरी तेथेंहि हिशेब जमेना तेव्हां एका स्त्रीचे दागिने पुढें आले. वसतिगृहांतील मुलांच्या जेवणाला धान्य नाहीं असें झालें, त्या वेळीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचें एकेक सोनें काढून दिलें. अखेर मंगळसूत्रहि दिलें. गोखल्यांच्या वहिनींचे दागिने एका दिरासाठीं गेले होते. लक्ष्मीबाईंचे पोटच्या नसलेल्या शेंकडों मुलांसाठीं गेले. सन १९३० मध्यें त्या वारल्या. साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सन १९४० मध्यें आणि छत्रपति शिवाजी कॉलेज सन १९४७ मध्यें सुरू झालें, तें पाहावयास त्या नव्हत्या. ज्या गांवांत धोंडू कर्व्याला, अंगानें लहान दिसतो म्हणून, परत पाठविलें होतें, त्याच गांवांत खेड्यापाड्यांतलीं तसल्याच अंगाचीं पोरें आतां टोपल्या उचलून, माती कालवून मॅट्रिकला बसूं लागलीं.

कर्व्यांनीं इंग्रजी आत्मचरित्र छापून काढलें त्याच सन १९३६ मध्यें त्यांनीं एक नवें मंडळ काढलें. महाराष्ट्रांतील ज्या लहान खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाहीं तेथें प्राथमिक शाळा काढावयाची, तिच्यावर एक मास्तर नेमावयाचा, त्याच्या पगाराची तरतूद करावयाची, हें त्या मंडळाचें काम. एकसष्ट वर्षांपूर्वीं सह्याद्रि उतरून गेलेल्या मुलाला जी जागा हवी होती, ती हीच. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं ते पुन्हा लोकांच्या दारीं उभे राहूं लागले. या खेपेस मागणें एका खेड्यांतील शाळामास्तराच्या पगाराचें होतें.